एकतिसावा क्यू

"हे कधी बसवलं?" मी मान वर करून विचारलं, तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटला.

नाट्यगृहाचा माणूस चाव्यांचा जुडगा बोटाभोवती फिरवत उभा होता. मी दाखवत होते तिकडे त्यानं बघितलं. प्रेक्षागृहाच्या छताखालून, दिवे टांगायच्या पाइपच्या बरोबर पुढून, पत्र्याचा एक भलामोठा चौकोनी बोगदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा गेला होता.

"एसीचा डक्ट आहे मॅडम. दोन वर्षं झाली की."

"पण तुम्ही पाठवलेल्या नकाशात नाहीये तो."

"नकाशा इमारत झाली तेव्हाचा. एसी नंतर आला." मग माझा चेहरा बघून तो जरा नरमला. "फोनवर विचारलं असतं तर सांगितलं असतं मॅडम."

विचारायचं काम माझं होतं. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि एक वाजता आमच्या नाटकाची तिसरी घंटा व्हायची होती.

"केतकी, काय झालं?" उपेंद्र सर रंगमंचावरून ओरडले.

"काही नाही सर. बघते."

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि नगरमध्ये एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं काम करत होते. दिवसभर लोकांची स्वयंपाकघरं, जिने आणि मोऱ्या काढायच्या आणि संध्याकाळी उपेंद्र गंध्यांच्या नाटकाच्या तालमीला जाऊन बसायचं. सर कॉलेजात शिकवत आणि आमची हौशी नाट्यसंस्था चालवत. एकदा ते ऑफिसात आले असताना मी एका बंगल्याचा उभा छेद काढून खिडकीतून ऊन कुठपर्यंत येईल ते दाखवत होते. सर बघत राहिले. म्हणाले, "हेच दिव्यांचं करता येईल?"

येत होतं. दोन महिने खपून मी औरंगाबादचं ते नाट्यगृह नकाशावरून कॅडमध्ये, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उभं केलं. नाट्यस्पर्धेची अंतिम फेरी तिथे होती. प्रत्येक दिवा त्याच्या जागेवर टांगला, प्रत्येकातून पिवळ्या रेषांचा झोत काढला, तो कुठे पडेल, किती फुटांचं वर्तुळ होईल, कुणाच्या डोक्यावरून जाईल, सगळं आधीच ठरवलं. स्पर्धेत मांडणीला चारच तास मिळतात. बाकीचे लोक तिथे जाऊन शिडी लावून विचार करणार, आणि आमचं सगळं कागदावर तयार असणार.

त्याआधी आमच्या संस्थेचे दिवे म्हणजे लोंढेकाका. त्र्यंबक लोंढे. वीज मंडळात वायरमन होते, आणि तीस वर्षं प्रकाशयोजना करत होते. त्यांची पद्धत साधी होती. रंगमंचावर नट उभा राहणार त्या जागी स्वतः उभं राहायचं, तळहात तोंडासमोर धरायचा, आणि हातावर उजेड कसा पडतो ते बघून वर दिव्यापाशी चढलेल्या माणसाला "अजून खाली, अजून, बास" असं सांगायचं. कागद नाही, आकडा नाही. मला भीती वाटली होती की माझ्या कॉम्प्युटरचा त्यांना राग येईल. पण पहिल्यांदा स्क्रीनवर झोत बघितला तेव्हा ते हात पाठीमागे बांधून कितीतरी वेळ माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "दिवा लागायच्या आधीच उजेड दिसतो व्हय! मोठं काम केलं पोरी." त्यानंतर कुठलाही दिवा लावायचा झाला की ते मलाच विचारायचे, "ड्रॉइंगमध्ये काय आहे?"

तर तो डक्ट.

नाटक धरणात बुडालेल्या गावाचं होतं. शेवटच्या प्रवेशात गावातली एक म्हातारी धरणाच्या भिंतीवर चढते आणि भिंतीवरून चालत चालत, खाली पाण्यात गेलेल्या एकेका घराला नावानं हाक मारते. ती भिंत म्हणजे आठ फूट उंचीची, अडीच फूट रुंदीची आणि चौदा फूट लांबीची लेव्हल. लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकून केलेली. कठडा नव्हता. धरणाला कठडा दिसला की ती बाल्कनी वाटेल, असं सरांचं म्हणणं. पूर्ण काळोखात म्हातारीनं मागच्या शिडीवरून वर चढायचं, आणि मग एकच झोत समोरून, उंचावरून तिच्यावर यायचा. तो एकतिसावा क्यू, म्हणजे दिवे बदलायचा एकतिसावा इशारा. आमच्या सगळ्या नाटकाचा जीव त्या एका झोतात होता, आणि तो झोत आता पत्र्याच्या डक्टला अडून लेव्हलच्या कमरेपर्यंतच पोचत होता.

रंगमंचावरचे पाइप नाट्यगृहाच्या कायमच्या दिव्यांनी भरलेले होते. त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि दुसरी जागा शोधू लागले. डाव्या विंगेत वर एक अरुंद लोखंडी गॅलरी होती, रंगमंचापासून पंधरा फूट उंचीवर. तिथून मारता आला असता. मी घाईघाईनं नवा छेद काढला. स्क्रीनवर रेषांची फार गर्दी झाली म्हणून नेपथ्याचा लेयर बंद केला. कॅडमध्ये नकाशा असा थराथरांत असतो. हवा तो दाखवायचा, नको तो लपवायचा. दिवा गॅलरीवर ठेवला. चौदा फुटांवर माणसाची आकृती ठेवली. तिच्या डोक्यापर्यंत रेषा ओढली. छत्तीस अंश. चेहऱ्यावर उजेड पडायला याहून चांगला कोन मागूनही मिळाला नसता.

"सर, झालं! डावीकडून घेऊ. जास्त चांगलं दिसेल."

सरांनी लांबूनच अंगठा दाखवला. लोंढेकाका हजार वॅटचा स्पॉट खांद्यावर घेऊन गॅलरीची शिडी चढू लागले. साठीला आले होते, तरी असलं वजन दुसऱ्या कुणाला उचलू देत नसत.

पावणेबाराला तो दिवा लावून बघायची वेळ आली. म्हातारीचं काम कुमुदताई रासने करायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, अठ्ठावन्न वर्षांच्या, संस्थेतल्या सगळ्यांत जुन्या नटी. त्या लेव्हलवर उजव्या टोकाला उभ्या राहिल्या. वरून काकांनी दिवा त्यांच्यावर आणला. कुमुदताईंनी हात कपाळाला लावून डोळ्यांवर आडोसा केला आणि दोन पावलं टाकून थांबल्या. त्या काकांना काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही. मी क्यूंची यादी नव्यानं टाइप करत होते.

काका शिडी उतरून, रंगमंच ओलांडून, पायऱ्या उतरून माझ्यापर्यंत आले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

"पोरी, बाईंच्या डोळ्यात जातोय गं झोत. सरळ."

"सरळ कसा जाईल काका? छत्तीस अंशांवरून येतोय. हे बघा."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ते वाकून बघू लागले. पिवळा झोत त्या आकृतीच्या डोक्यावर वरून कसा अगदी पुस्तकातल्यासारखा पडला होता.

"हां," ते म्हणाले. "इथं तर वरूनच येतोय."

"मग?"

"पण वर तसं दिसंना." त्यांनी मान वळवून लेव्हलकडे पाहिलं, मग पुन्हा स्क्रीनकडे. "तू एकदा वर चढून बघतेस का?"

"काका, अजून नऊ दिवे लावायचेत. एकदम लागला की कुणाचेही डोळे दिपतात. सवय होते."

सर रंगमंचावरून टाळ्या वाजवत आले. "काय चाललंय? काका, ड्रॉइंगप्रमाणे घ्या. वेळ नाहीये."

काका आणखी क्षणभर त्या स्क्रीनकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि गेले.

थोड्या वेळानं कुणीतरी माझ्या खुर्चीशी येऊन उभं राहिलं. नऊवारीचा काठ दिसला.

"केतकी..."

"हो ताई, एकच मिनिट हं." सत्ताविसावा क्यू कुठे संपतो ते मला आठवत नव्हतं. आठवलं, टाइप केला, मान वर केली. तिथे कुणी नव्हतं.

तिसरी घंटा झाली. दिव्यांची खोली प्रेक्षागृहाच्या मागे उंचावर होती. समोर काच, काचेखाली उजेड कमी-जास्त करायच्या डिमरच्या हँडलांची लांब रांग. काका हँडलांपाशी बसले, मी त्यांच्या उजव्या हाताला यादी आणि लॅपटॉप घेऊन. मी आकडा म्हणायचा, त्यांनी हँडल सरकवायचं. पहिला अंक इतका सुरळीत गेला की मध्यंतरात सर वर येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेले. परीक्षकांपैकी एक जण म्हणे मान वर करकरून दिवे बघत होते.

दुसऱ्या अंकात, चोविसावा क्यू दिल्यावर, जरा उसंत होती. पुढच्या एका क्यूत घराच्या चौकटीवर उजेड पडायचा होता. चौकट नक्की कुठे आहे ते बघावं म्हणून मी लॅपटॉपवर तो सकाळचा छेद उघडला आणि नेपथ्याचा लेयर चालू केला.

चौकट दिसली. आणि तिच्यामागे धरणाची भिंत उभी राहिली.

माझ्या माणसाची आकृती भिंतीवर नव्हती. ती भिंतीच्या पोटात, रंगमंचाच्या जमिनीवर उभी होती. तिचं डोकंसुद्धा भिंतीच्या माथ्याच्या खाली होतं. सकाळी भिंतीचा लेयर बंद होता आणि मी कुमुदताईंना जमिनीवर उभं करून कोन मोजला होता.

मी पेन्सिलीनं यादीच्या कोपऱ्यात हिशोब केला. आठ फुटांची भिंत, तिच्यावर पाच फुटांची बाई: तेरा. दिवा पंधरावर. म्हणजे दोनच फुटांचा फरक, चौदा फूट अंतराला. मी तो पुन्हा केला. आठ अंश. समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा डोळ्यात जावा तसा तो जाणार होता. आणि कुमुदताई उजव्या टोकाकडून डावीकडे, त्याच दिव्याच्या रोखानं, अडीच फुटांच्या फळीवरून चालत जाणार होत्या.

"पंचवीस?" काकांनी विचारलं.

"हो. पंचवीस."

हँडल सरकलं. अजून वीस मिनिटं होती.

तीन शब्द पुरले असते. 'काका, माझं चुकलं.' मी ते जिभेवर आणले आणि गिळले. मनात म्हटलं, ताईंनी दुपारी चालून बघितलंय की. मग आठवलं, दोनच पावलं चालल्या होत्या. मनात म्हटलं, तीस वर्षं रंगमंचावर काढलेली बाई आहे, पायांनी अंदाज घेईल. समोर तिसऱ्या रांगेत सरांचं डोकं दिसत होतं, आणि त्यांच्यापुढे परीक्षकांच्या तीन खुर्च्या. आत्ता तो झोत रद्द करायचा म्हणजे नाटकाचा शेवटच काढून घ्यायचा. मग सर विचारणार, का? मग सगळं बाहेर येणार: डक्ट, फोन न करणं, लेयर, आणि काका सांगायला आले होते ते. दोन महिने सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं होतं.

सव्वीस. सत्तावीस. स्क्रीन बंद केली तरी ती भिंतीत गाडलेली आकृती दिसत राहिली.

"काका," मी म्हटलं.

"अठ्ठावीस?"

"...हो. अठ्ठावीस."

एकोणतीस. तिसाव्या क्यूला हळूहळू सगळं विझलं. प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. त्या काळोखात, लांब रंगमंचावर, मागच्या शिडीच्या लाकडाचा करकर आवाज आला. कुमुदताई चढत होत्या. आवाज थांबला. म्हणजे त्या वर पोचल्या.

"एकतीस," मी म्हणाले.

काहीच झालं नाही.

मी काकांकडे बघितलं. प्रेक्षागृहाच्या दारांवरच्या पाट्यांच्या, काचेतून येणाऱ्या पुसट उजेडात त्यांचा हात हँडलवर दिसत होता. हात तिथेच होता. हलत नव्हता.

"काका, एकतीस!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा डावा हात मात्र रांगेत पार टोकाला गेला आणि मागच्या पडद्यावरच्या निळ्या दिव्याचं हँडल त्यांनी बोटभर वर केलं. बोटभरच. काळोखात निळसर पडदा उमटला आणि त्यापुढे भिंतीच्या माथ्यावर एक काळी आकृती. चेहरा नाही, डोळे नाहीत. तिसऱ्या रांगेतलं डोकं गर्रकन मागे वळलं आणि आमच्या काचेकडे बघत राहिलं.

कुमुदताई चालल्या नाहीत. जिथे होत्या तिथेच, उजव्या टोकाला उभ्या राहून त्यांनी हाका मारल्या. एकेक घर, एकेक नाव. आवाज आधी जरा कापत होता, मग ठरला. मी वाक्यं ऐकत नव्हते. मी फक्त त्यांच्या पायांकडे बघत होते.

पडदा पडल्यावर आम्ही खाली गेलो. सर विंगेतच उभे होते. त्यांना मी इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"काका, क्यू ऐकू नाही आला?"

"आला."

"मग? यंत्र बिघडलं?"

"न्हाई."

"अहो मग झालं काय? सगळं नाटक त्या एका झोतावर उभं होतं! परीक्षकांना बाईंचा चेहरा दिसला नाही शेवटी, चेहरा!"

"हात नाही गेला," काका म्हणाले. "चुकलं माझं."

सगळी मंडळी भोवती गोळा झाली होती. कुणी मेकअप पुसता पुसता थांबलं होतं. सर एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "वय झालं तुमचं काका. या पोरीनं दोन महिने जीव काढला, आणि तुम्ही एक हँडल सरकवू शकला नाहीत. आता पुरे करा."

काकांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि ते दिवे उतरवायला निघून गेले. मी लॅपटॉपची वायर हाताभोवती गुंडाळत होते. सबंध गुंडाळून झाल्यावर मी ती उलगडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

रंगपटात कुमुदताई आरशासमोर एकट्याच बसल्या होत्या. कापसाला तेल लावून चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसत होत्या. पुसता पुसता हात थांबे.

"फार बोलले का गं उपेंद्र काकांना?"

"हो."

"मी जाऊन सांगते त्याला. चूक त्यांची नाही." त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय जानेवारीत. कुणाला बोलले नाही. म्हटलं, भूमिका काढून घेतील. जोराचा उजेड आला की त्या डोळ्यात नुसता फुटतो गं. दुपारी तो दिवा लागला आणि मला फळीच दिसेना. पाऊल कुठे पडतंय तेच कळेना. काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, बघतो. मग मी तुलाही सांगायला आले होते."

"मी टाइप करत होते."

"हो. तुझी मान खाली होती. तीच संधी समजून मी परत फिरले, खरं सांगायचं तर. सांगायला धीर होत नव्हता." त्या थोडं हसल्या. "मग वर चढल्यावर वाटलं, लागला आता दिवा. मी एक पाऊल पुढे टाकून ठेवलं होतं. दिवा आलाच नाही. तेव्हा ठरवलं, हलायचं नाही."

आम्ही टेंपो ट्रॅव्हलरनं परत निघालो. उन्हं कलली होती. गोदावरीचा पूल मागे पडल्यावर मी सीटच्या पाठीला धरून उभी राहिले.

"सर, काकांची चूक नव्हती. माझं ड्रॉइंग चुकलं होतं."

मी सगळं सांगितलं. डक्ट, लेयर, भिंतीच्या पोटातली आकृती, आठ अंश. काका दुपारी सांगायला आले होते तेही. कुमुदताईंनी मग आपल्या डोळ्याचं सांगितलं. मग सरांनी पुढच्या सीटवर बसलेल्या काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काका खिडकीबाहेर बघत होते. ते वळले नाहीत, आणि त्यांनी हात झटकलाही नाही.

"हे तुझ्या कधी लक्षात आलं?" सरांनी मला विचारलं.

"नंतर," मी म्हणाले. "नाटक संपल्यावर."

ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की मी खाली बसले तेव्हा मला हलकंसुद्धा वाटत होतं.

नगरला उतरताना काका माझ्यापाशी थांबले. "रविवारी दहाला हॉलवर ये," एवढंच म्हणाले.

निकाल शनिवारी आला. आम्हाला काहीच मिळालं नव्हतं. परीक्षकांच्या शेऱ्यात एक ओळ होती: अखेरचा प्रवेश प्रकाशाअभावी परिणामकारक होऊ शकला नाही.

रविवारी मी तालमीच्या हॉलवर पोचले तेव्हा खिडक्या बंद होत्या आणि आत काका एकटेच होते. त्यांनी ती लेव्हल पुन्हा उभी केली होती. आठ फुटांचे घोडे, वर फळ्या. एकट्यानं किती वेळ लागला असेल कुणास ठाऊक. समोरच्या माळ्याच्या कठड्याला स्पॉट बांधला होता. मी नजरेनंच अंदाज केला. उंची पंधरा फूट. अंतर चौदा.

"चढ," ते म्हणाले.

मी शिडी चढले. वर उभी राहिले तेव्हा फळी खालून दिसायची त्याहून फारच अरुंद वाटली. त्यांनी हॉलचे दिवे घालवले. मग झोत लागला.

जग नाहीसं झालं. समोर एक पांढरा गोळा आणि त्याभोवती काहीच नाही. मी पायांकडे बघितलं. पाय नव्हते. फळीही नव्हती.

"चाल," खालून आवाज आला.

मी एक पाऊल सरकवलं. दुसरं. तिसऱ्या वेळी चपलेचा पुढचा भाग रिकाम्यात गेला आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. मी खाली बसले, दोन्ही हातांनी फळीच्या कडा धरल्या.

"काका, बंद करा."

दिवा तसाच राहिला.

"तुला कळलं कधी?" ते शांतपणे म्हणाले.

"सांगितलं ना त्या दिवशी..."

"तुला कळलं कधी, केतकी?"

डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत तो गोळा होताच.

"क्यूच्या आधी," मी म्हणाले. "वीस मिनिटं आधी. लेयर चालू केला तेव्हा."

"आणि तरी क्यू दिलास."

"दिला."

मग काका म्हणाले, "बाईंनी सांगितलं, तेव्हा माझं मन खायला लागलं. पण तुझ्या त्या स्क्रीनवर बघितलं तर तिथं बरोबर दिसत होतं. मला वाटलं, पोरगी शिकलेली आहे, आपल्यालाच कळत नसंल. मी तो दिवा लावणारच होतो. हात हँडलवर होता, बघितला असशील तू. हातात जोरबी धरला होता." ते थांबले. "मग तू 'एकतीस' म्हणालीस. तीस आकडे तू म्हणाली होतीस तोवर. तो तसा न्हाई म्हणालीस. आवाज फाटला तुझा. त्यानं मला कळलं."

मी रडत होते की काय ते मला आठवत नाही. कडा घट्ट धरल्यानं बोटांत कुसं गेली होती एवढं आठवतं. ती दुसऱ्या दिवशी आईनं सुईनं काढली.

"हे सरांना सांगू?" मी विचारलं.

"ते तुझं तू बघ. मला ऐकायचं होतं, मी ऐकलं."

त्यांनी दिवा बंद केला. हॉलचे दिवे मात्र लावले नाहीत. झोत गेला तरी मला दिसेना. हिरवे, जांभळे डाग डोळ्यांपुढे तरंगत होते. मी पोटावर पालथी होऊन मागे सरकत राहिले आणि शिडी असेल तिथे पाय खाली सोडला. पायाला काहीच लागलं नाही.

"उजवीकडं," काकांचा आवाज अगदी जवळून आला. ते शिडी धरून उभे होते. "अजून उजवीकडं. आता खाली. घाई नको. आहे पायरी, आहे."

पाय टेकला.

"टाक आता पुढचा," ते म्हणाले.